सल्ला हवा: ८३० एचपीचा चार पट्ट्यांचा ट्रॅक्टर, काळी जमीन, १४,००० एकर

रेजायनाकर

नमस्कार मंडळी,

मी मूळची परभणीकडची. कृषी पदवीनंतर कॅनडात आले. सध्या सस्कॅचेवान प्रांतात, रेजायना शहराच्या दक्षिणेला एका कुटुंबाच्या शेतीवर कामांचं नियोजन बघते. मालक दोघे भाऊ. जमीन १४,००० एकर. काही स्वतःची, बरीचशी खंडाची. ड्युरम गहू, कॅनोला आणि मसूर ही पिकं. आपल्याकडे बाहेरून येणारी मसूर बरीचशी या भागातून येते.

थोरल्या मालकांच्या मनात जॉन डीअरचा ९आरएक्स ८३० भरला आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या कमोडिटी क्लासिक प्रदर्शनाच्या वेळी ७१०, ७७० आणि ८३० अशी तीन मॉडेलं जाहीर झाली. १८ लिटरचं इंजिन, ताकद ८३० एचपी आणि गरज पडली तर ९१३ पर्यंत. मधोमध सांधा, चाकांऐवजी पुढे दोन आणि मागे दोन असे चार रबरी पट्टे. वजन ३० टनांच्या वर. किंमत दहा लाख अमेरिकी डॉलरच्या घरात.

आज आमच्याकडे ट्रॅक्टर-पेरणीयंत्राच्या दोन जोड्या चालतात. एक ६०० एचपीचा आणि एक जुना ५०० चा, दोन्ही चाकांचे, आणि दोघांच्या मागे ६० फुटी पेरणीयंत्र. दोन्ही जोड्या विकून ८३० च्या मागे एकच १०० फुटी पेरणीयंत्र आणि बियाणं-खताची १३०० बुशेलची (बुशेल हे इथलं धान्याचं माप) टाकी लावायची असा मालकांचा बेत आहे. एक ड्रायव्हर वाचतो हे त्यांचं मुख्य कारण, आणि ते खोटं नाही. मे महिन्यात इथे भरवशाचा माणूस मिळवणं फार कठीण जातं.

गावात सकाळी कॉफीला शेतकरी जमतात तिथे या ट्रॅक्टरवर रोज चर्चा झडते. तरुण मंडळींना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डिझेलच्या धुरातले घातक वायू कमी करायला वापरतात ते डीईएफ याला लागत नाही. ते युरियाचं पाणी उणे ११ अंशाला गोठतं आणि इथला हिवाळा त्याच्या कितीतरी खाली जातो, त्यामुळे त्यांचा आनंद मी समजू शकते. वयस्कर शेतकरी म्हणतात, एवढं मोठं धूड ऐन पेरणीत बंद पडलं तर सगळं शिवार थांबेल. एकाला खडीच्या रस्त्यावरच्या लहान पुलांची काळजी आहे. एकाने विचारलं, हप्ता कशातून फेडणार? २०२५ मध्ये चीनने आमच्या कॅनोला तेलावर आणि वाटाण्यावर १०० टक्के आयातकर लावल्यापासून हा प्रश्न इथे सगळ्यांच्याच डोक्यात आहे.

आमची जमीन भारी काळी आहे. सुकली की भेगाळते, ओली झाली की पायाला किलोभर चिकटते. परभणीच्या रानात वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येते. एप्रिल संपता संपता बर्फाचं पाणी मुरतं, वाफसा येतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत पेरणी उरकावी लागते. त्यात पाऊस लागला की वाफसा मोडतो.

मला तीन गोष्टींवर सल्ला हवाय. अशा जमिनीत पट्ट्यांचा खरंच किती फायदा? ८३० एचपी आम्हाला लागते का? आणि दोन जोड्यांऐवजी एक ठेवावी का? मालक माझं मत विचारणार आहेत. मला ते आकड्यांनिशी द्यायचंय.

पाना_बारा_तेरा

ताई, मी सीमेच्या अलीकडे, नॉर्थ डकोटात, रेड रिव्हरच्या खोऱ्यात मोठ्या ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीचं काम करतो. इथली जमीन म्हणजे जुन्या हिमसरोवराचा तळ. सपाट, चिकट, पाणी न सोडणारी. तुमच्याइतकीच भारी.

पट्ट्यांबद्दल माझ्या मनात शंका नाही, घ्या. वसंतात वरचा थर ओला असतो तेव्हा चाकं घसरतात आणि पट्टे चालतात, हे मी इथे दर वर्षी बघतो. चार पट्टे आणि मधोमध सांधा असलेला आणखी बरा. दोनच पट्ट्यांचा ट्रॅक्टर वळताना एक पट्टा हळू आणि एक जोरात फिरवून वळतो, त्यामुळे शेताच्या टोकाला मातीचे ढीग ढकलले जातात. सांध्यात वाकून वळणाऱ्यात तो त्रास फार कमी.

पण ही गोष्ट नवी आहे असं कोणी सांगितलं तर मानू नका. शेतीसाठी रबरी पट्टे कॅटरपिलरने चॅलेंजर ६५ वर १९८७ च्या सुमाराला आणले. केस आयएच कंपनीचा चार पट्ट्यांचा क्वाडट्रॅक १९९६ पासून आहे आणि त्याचं ७१५ एचपीचं मॉडेलही आता मिळतं. म्हणजे चार पट्ट्यांचं जुनं यंत्र बाजारात भरपूर आहे आणि ते दुरुस्त करणारे हातही आहेत. ८३० नवा आहे. त्याचं इंजिन दहा हजार तासांना कसं असेल हे सांगायला अजून कुणाचे तेवढे तास झालेले नाहीत.

डीईएफ नसण्याचं कारण कायद्यात आहे. अमेरिकेच्या नियमांत ५६० किलोवॅटच्या वरच्या इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बरीच सैल आहे. हे इंजिन त्या गटात बसतं, म्हणून युरियाशिवाय भागतं. एक टाकी, एक पंप आणि ढीगभर सेन्सर कमी झाले, ही दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

पट्टे रस्त्यावर झिजतात. शेतात वर्षानुवर्षं टिकणारा पट्टा खडीवर आणि डांबरावर पळवला की गरम होऊन त्याचे रबरी दात तुटायला लागतात. तुमची खंडाची जमीन एकमेकांपासून किती लांब आहे? सगळ्यात लांबचा तुकडा २०-२५ मैलांवर असेल तर पट्ट्यांच्या किमतीचा हिशेब वेगळा करा.

रेजायनाकर

धन्यवाद दादा. बहुतेक जमीन आठ-दहा मैलांच्या आत आहे. एक तुकडा लांब आहे, तिथे वर्षातून दोनदाच जातो.

मृद्गंध

मी राहुरीला मृदाशास्त्र शिकलो, त्याच विषयात काम करतो. पट्ट्यांबद्दल एक गोष्ट विक्रेते अर्धवट सांगतात, ती पूर्ण सांगतो.

वजन रुंद जागेवर पसरलं की वरच्या थरावरचा दाब कमी होतो, हे खरं. पट्ट्यांचा जन्मच त्यासाठी झाला. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या दलदलीच्या रानात भलीमोठी रुंद चाकं लावूनही वाफेची यंत्रं रुतत होती. तेव्हा बेंजामिन होल्ट यांनी चाकं काढून तिथे लाकडी फळ्यांचे साखळीपट्टे बसवले आणि २४ नोव्हेंबर १९०४ ला ते यंत्र चालवून दाखवलं. कॅटरपिलर हे नाव तिथून आलं. रणगाड्यांच्या आधी पट्टे शेतात चालले आहेत.

पण जमिनीत जसजसं खाली जावं तसतसा पसरलेल्या दाबाचा फायदा विरत जातो आणि आसावरचं एकूण वजन बोलू लागतं. वरच्या वीतभर थरात काय होतं ते दाब ठरवतो. दीड-दोन फुटांवर काय होतं ते वजन ठरवतं. वरचा थर थंडीत गोठून आणि उन्हाळ्यात भेगा पडून बराच मोकळा होतो. काळ्या जमिनीचा हा मोठा गुण आहे. खालचा थर दाबला गेला की तो पुन्हा मोकळा व्हायला वर्षंच्या वर्षं लागतात. सबसॉयलर (खोल जाणारा नांगर) घालून त्यावर इलाज होतोच असंही नाही. ओल्यात घातला तर उलट नुकसान.

२०२२ मध्ये थॉमस केलर आणि दानी ओर या दोन शास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५८ साली भरलेल्या कम्बाइनचं (कापणी-मळणी यंत्राचं) वजन ४ टनांच्या आसपास होतं, २०२० मध्ये ते ३६ टनांवर गेलं, असं त्यांनी दाखवलं. टायर रुंद होत गेले म्हणून वरच्या थरावरचा दाब फारसा वाढला नाही, पण खालच्या थरावरचा ताण वाढतच राहिला. शेतकऱ्याला वर चाकोरी दिसत नाही म्हणून सगळं ठीक वाटतं. मुळं मात्र दीड फुटावर आडवी वळलेली असतात.

आणखी एक. पट्ट्याखालचा सरासरी दाब ऐकून भुलू नका. पट्ट्याच्या आत मधले रूळ असतात, त्यांच्या बरोबर खाली दाब सरासरीपेक्षा बराच जास्त असतो.

थोडक्यात, ओल्या वरच्या थरात घसरण टाळायला पट्टे उत्तम. ३०-३५ टनांचं वजन मात्र पट्ट्यांनी नाहीसं होत नाही. वाफसा नसताना हे यंत्र शेतात घालता येतं, हाच त्याचा सगळ्यात मोठा धोका. चाकांचा ट्रॅक्टर रुतून तुम्हाला थांबवतो. हा थांबवत नाही, मग थांबायचं कधी ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

खोडवा_राखणारा

मृद्गंध साहेबांनी नेमकं बोट ठेवलं. मी करवीर तालुक्यातला ऊसवाला. माझा ट्रॅक्टर ५० एचपीचा, तुमच्या तुलनेत काहीच नाही, पण एक अनुभव सांगतो.

आमच्याकडं ऊसतोड झाली की भरलेल्या ट्रॉल्या शेतातनं बाहेर काढायच्या असतात. जमिनीत ओल असली की ट्रॉलीच्या चाकोऱ्यांत खोडवा फुटत नाही. फुटला तरी पिवळा, बारका. दोन-दोन वर्षं त्या पट्ट्यात ऊस उभा राहत नाही. बोलताना सगळे ट्रॅक्टरला दोष देतात. पण खरं वजन ट्रॉलीत असतं की हो. ट्रॅक्टर चार-पाच टनाच्या आतला, त्याच्यामागची भरलेली ट्रॉली त्याच्या कितीतरी पट.

ताई, तुमच्या त्या १३०० बुशेलच्या टाकीचं भरल्यावर वजन किती? आणि ती कशावर चालते, चाकावर का पट्ट्यावर?

रेजायनाकर

तुमचा प्रश्न वाचल्यावर हिशेब मांडला. गव्हाचं एक बुशेल ६० पौंडांचं. १३०० बुशेल म्हणजे ७८,००० पौंड, जवळजवळ ३५ टन. हे नुसतं बियाणं धरून. काही खतं गव्हापेक्षा जड, आणि रिकाम्या टाकीचं स्वतःचं वजन वेगळं. म्हणजे भरलेली टाकी ट्रॅक्टरपेक्षा जड आहे आणि आमच्या बेतात ती चाकांवर आहे. पट्ट्यांसाठी एवढा पैसा घालायचा आणि त्याच्याच मागून त्याहून जड ओझं टायरवर न्यायचं!

ही गोष्ट मालकांपुढे ठेवणार आहे. इतके दिवस चर्चा फक्त ट्रॅक्टरचीच चालली होती.

डाऊन्सवाला

ऑस्ट्रेलियातून, क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाऊन्समधून लिहितो. इथेही काळीच जमीन, कपाशी आणि ज्वारीची. लातूरहून आलेला माणूस इथे गोंधळतो, इतकी ती सारखी दिसते.

आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या बाजूने शोधलं गेलं. यंत्र हलकं करता येत नाही ना, मग ते दर वर्षी त्याच वाटेवरून चालवा. ट्रॅक्टर, टाकी, फवारणी, हार्वेस्टर, सगळ्यांच्या चाकांतलं अंतर ३ मीटर. जीपीएसवर आखलेल्या त्याच वाटांवरून वर्षानुवर्षं फेऱ्या. वाटा दगडासारख्या होतात, त्यामुळे ओढायलाही बळ कमी लागतं. मधली जमीन कायम मोकळी राहते आणि पाणी पिते. यावर क्वीन्सलंड विद्यापीठाच्या गॅटन केंद्रात जेफ टलबर्ग यांनी बरीच वर्षं काम केलं.

तुम्ही लगेच ३ मीटरवर जा असं म्हणत नाही, सगळी यंत्रं बदलावी लागतात. पण रुंदीचा गुणाकार तरी जुळवा. फवारणीयंत्राची रुंदी किती आहे?

रेजायनाकर

१२० फूट.

डाऊन्सवाला

मग विषयच संपला. ६० फुटी पेरणीच्या दोन फेऱ्या म्हणजे फवारणीची बरोबर एक फेरी. १०० फुटी घेतलंत तर ते १२० मध्ये कधीच बसणार नाही आणि फवारणीची चाकं दर फेरीला नव्या जागी पडतील. आज तुमच्याकडे जुळलेली जोडी आहे, ती मोडून न जुळणारी आणताय.

घसरणमापी

मी पुण्यात ट्रॅक्टरच्या चाचणीशी संबंधित काम करतो. कंपनीचं नाव नको. आकड्यांचा भाग माझ्याकडे.

पेरणीचा वेग काढायची साधी रीत: फुटांतली रुंदी गुणिले ताशी मैल, भागिले ८.२५. आलेल्या उत्तराचे ८० टक्के धरा, कारण वळणं आणि टाकी भरणं यात वेळ जातो.

आजच्या दोन जोड्या मिळून १२० फूट. ताशी ५ मैलांनी साधारण ५८ एकर. १४,००० एकरांना २४० तास. रोज १४ तास चाललं तर १७ दिवस.

नवा बेत, १०० फूट, वेग तोच. ताशी ४८ एकर. २९० तासांच्या आसपास. २० दिवसांच्या वर.

ताई, एचपी वाढतेय आणि पेरणी तीन-साडेतीन दिवसांनी लांबतेय. आज एकूण ताकद ११०० एचपी आहे, बेतात ती ८३० होते. एक ट्रॅक्टर बंद पडला तर आज निम्मं काम चालू राहतं, उद्या शून्य.

विक्रेता म्हणेल, ८३० आहे तर ६ मैलांनी पळवा. पळवला तर बरोबरी होते, बरोबर. पण कॅनोलाचं बी बारीक, ते अर्धा-पाऊण इंचावर पडायला हवं. वेग वाढला की फाळ उड्या मारतात आणि खोली बिघडते. भारी जमिनीत तर मागच्या फाळांवर ढेकळं येऊन पडतात. वेगाने वाचवलेले दिवस उगवणीत जातात.

डिझेलची भीती मात्र फार बाळगू नका. पूर्ण भारावर ताशी १५० लिटरच्या आसपास जाईल, प्रत्यक्ष पेरणीत त्याहून कमी. आकडा दचकवतो, पण ताशी ४८ एकरांनी भागलात तर एकरी तीन लिटरच्या आसपास येतो. एवढ्या रुंदीला ते वाजवी आहे.

पट्ट्यांचा फायदा मोजायचा तर घसरण मोजा. चाकांच्या मोठ्या ट्रॅक्टरला शेतात ८ ते १५ टक्के घसरण चालते, पट्ट्यांना बहुधा ५ च्या आत. तुमचा ६०० वाला ओल्यात १५ च्या वर जात असेल तर तुमच्याकडे ताकद कमी नाही, पकड कमी आहे. एचपी विकत घेऊन तो प्रश्न सुटत नाही. आणि नेब्रास्काच्या लिंकनमध्ये ट्रॅक्टर चाचणी प्रयोगशाळा आहे, १९२० पासून चाचण्या घेते. तिचे अहवाल सगळ्यांना खुले असतात. माहितीपत्रकातली इंजिनाची एचपी सोडा, तिथली ड्रॉबारवरची, म्हणजे मागचं अवजार प्रत्यक्ष ओढण्याची, ताकद बघा.

वाफशाची_वाट

यवतमाळहून. मी दोन हेक्टरवाला. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्राची सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे, म्हणजे मी बरा म्हणायचा. या धाग्यात माझं काही काम नाही, पण एक विचारावंसं वाटलं.

एवढं मोठं यंत्र आलं की शेजारची जमीन घ्यावी लागते, हप्ता फिटायला. शेजारी घेतला की त्याचं घर बंद. मग शाळा, दुकान. तुमच्या मालकांना हे दिसते का? आमच्याकडं उलटा त्रास आहे, तुकडे होऊन होऊन ट्रॅक्टर वळायला जागा नाही. भाड्याचा रोटाव्हेटर मारून मारून वीतभर खाली कडक थर झाला आहे. पण माणसं तरी गावात आहेत.

रेजायनाकर

भाऊ, तुमचा प्रश्न इथेही लोक विचारतात, कॉफीच्या टेबलावर तर फार कळकळीने. आमच्या रस्त्यावर रिकामी घरं आहेत. धाकटे मालक लहान होते तेव्हा शाळेची बस ज्या फाट्यांवर थांबायची त्यातल्या कित्येक ठिकाणी आज कोणी राहत नाही. यंत्र मोठं झालं म्हणून माणसं गेली की माणसं गेली म्हणून यंत्र मोठं झालं, यावर दोन्ही भावांचं एकमत नाही. मला दोन्ही खरं वाटतं. मे महिन्यात ड्रायव्हर मिळत नाही ही आजची अडचण आहे आणि ती एका मोठ्या ट्रॅक्टरने सुटते असं वाटणं साहजिक आहे. म्हणूनच मला मालकांना नुसतं नको म्हणायचं नाही. दुसरा मार्ग दाखवायचाय.

बिगबडप्रेमी

मोठ्या यंत्राची हौस वाईट नाही हो. १९७७ साली मोंटानातल्या हाव्हरमध्ये बिग बड ७४७ बनला, १६ सिलिंडरचा, तेव्हाच ७६० एचपी, पुढे वाढवत ११०० पर्यंत नेला. त्याच वर्षी कॅनडात व्हर्सटाइल कंपनीने आठ चाकांचा ६०० एचपीचा बिग रॉय बनवला. दोन्हींचा एकेकच नग झाला. बिग बडने वर्षानुवर्षं शेतात काम केलं. बिग रॉय मॅनिटोबाच्या संग्रहालयात आहे. तेव्हा टायर हीच अडचण होती, एवढी ताकद जमिनीत उतरवायला टायरच नव्हते. आज पट्ट्यांमुळे तीच ताकद कारखान्यातून रांगेने बाहेर पडते. शेतकऱ्यांना कौतुक वाटतं ते उगाच नाही. माझं मत: डेमो मागाच. न चालवता नको म्हणू नका.

पाना_बारा_तेरा

डेमोला माझंही अनुमोदन. पण तो तुमच्या अटींवर घ्या. विक्रेता कोरड्या, सपाट शेतात रिकाम्या टाकीने फिरवून दाखवतो. तुम्ही सगळ्यात ओला तुकडा द्या, टाकी काठोकाठ खताने भरा आणि चढावर टोकाशी थांबवून पुन्हा उचलायला सांगा.

दुरुस्तीचंही विचारून घ्या. या यंत्रात पान्याइतकाच लॅपटॉप लागतो. शेतकऱ्याला दुरुस्तीची साधनं मिळत नाहीत या मुद्द्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इलिनॉय आणि मिनेसोटा राज्यांसोबत जानेवारी २०२५ मध्ये डीअरवर खटला भरला. कोलोरॅडोत शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. तुमच्या कॅनडात नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि दुरुस्तीसाठी यंत्राच्या सॉफ्टवेअरचं डिजिटल कुलूप उघडायला परवानगी मिळाली. पण कुलूप उघडायची परवानगी असणं आणि किल्ली हातात असणं यात फरक आहे. विक्रेत्याकडून लेखी घ्या: पेरणीत यंत्र बंद पडलं तर किती तासांत माणूस येणार, आणि तोवर बदली ट्रॅक्टर देणार का. एकच ट्रॅक्टर ठेवणाऱ्याला हे कलम व्याजदराइतकंच महत्त्वाचं.

रेजायनाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दोन्ही मालकांसमोर हे मांडलं. त्याआधी गेल्या पेरणीच्या नोंदी काढून पाहिल्या. पेरणीयंत्र सगळ्यात जास्त थांबतं ते टाकी भरायला. दिवसाच्या कामाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यात जातो, कारण दोन जोड्यांमध्ये बियाणं-खत पोचवणारा ट्रक एकच. एक जोडी भरत असते तेव्हा दुसरी वाट बघत उभी. ट्रॅक्टर ८३० चा असो की ५०० चा, उभा आहे तोवर दोघांची ताकद सारखीच.

धाकटे मालक १२० विरुद्ध १०० फुटांचा हिशेब ऐकून लगेच वळले. थोरले नाही. त्यांचं म्हणणं, माणूस कुठून आणू? माझा प्रस्ताव असा: ६० फुटी दोन्ही पेरणीयंत्रं ठेवू. जुना ५०० वाला विकून चार पट्ट्यांचा, साडेपाचशे-सहाशेचा वापरलेला ट्रॅक्टर घेऊ. दुसरा ट्रक घेऊ, आणि टाकीखाली पट्टे बसवता येतात का ते विचारू. ट्रकला ड्रायव्हर लागतो, पण ट्रकवर शिकाऊ मुलगा चालतो. पेरणीयंत्रावर अनुभवी माणूसच लागतो, आणि तो मिळवणंच कठीण आहे. अनुभवी दोघे आज आहेत. ते टिकावेत म्हणून त्यांचा पगार वाढवला तरी तो नव्या यंत्राच्या हप्त्याच्या आसपासही जात नाही.

थोरले मालक यावर गप्प राहिले, मग म्हणाले की वसंतात ८३० चा डेमो घेणारच. मी हो म्हटलं. दक्षिणेकडचा जो तुकडा सगळ्यात उशिरा वाफशावर येतो तोच देणार आहे, भरलेल्या टाकीसह. त्याच दिवशी शेजारी आमचा ६०० वाला चालवून दोघांची घसरण मोजू. मृद्गंध साहेब, चाकोरीखाली दीड फुटावर काय झालं ते कसं बघायचं?

मृद्गंध

लोखंडी सळई किंवा पेनिट्रोमीटर (मातीचा कडकपणा मोजायचं साधन) घ्या. चाकोरीत आणि चाकोरीपासून दहा फुटांवर, दोन्हीकडे एकाच दिवशी टोचून बघा. ओल वेगळी असेल तर आकडे फसवतात. त्याहून खात्रीचा उपाय फावडं. दोन फूट खड्डा घ्या, बाजूची माती हाताने फोडा. मोकळी माती गोल कणांनी सुटते, दाबलेली आडव्या पापुद्र्यांनी. जुलैत पुन्हा त्याच जागी खणा आणि मसुरीची मुळं कुठवर गेलीत ते बघा.

पाना_बारा_तेरा

वापरलेला चार पट्ट्यांचा बघायला जाल तेव्हा तासांचा आकडा शेवटी बघा. आधी चारही पट्ट्यांचे दात बघा. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला झीज कमीजास्त असेल तर पट्ट्याची रेषा बिघडलीय. रबर फाटून आतल्या तारा दिसत असतील तर तो पट्टा संपला असं धरूनच किंमत बोला. मधल्या रुळांच्या बुडाशी तेल गळतंय का बघा. मग मधल्या सांध्याला पहार लावून हलवा. खेळ जाणवला तर पिन आणि बेअरिंगचा खर्च मालकाकडून वजा करून घ्या. यंत्र घेण्याआधी फोटो टाकलेत तर मी बघून सांगेन.